रॉबर्ट पील : कारकीर्द, वारसा आणि आयर्लंडची कसोटी

प्रस्तावना

सर रॉबर्ट पील (१७८८–१८५०) हा एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनचा दोनदा पंतप्रधान झालेला मुत्सद्दी. त्याचे पहिले मंत्रिमंडळ (१८३४-३५) जेमतेम चार महिने टिकले, तर दुसरे १८४१ ते १८४६ अशी पाच वर्षे चालले. इंग्लंडच्या इतिहासावरील क्रमिक पुस्तकांत त्याचे नाव प्रामुख्याने दोन संदर्भांत येते : १८२९ मध्ये स्थापन झालेले लंडनचे पोलीस दल आणि १८४६ मध्ये रद्द झालेले धान्य कायदे. त्याच्या जोडीला एक आरोपही येतो. ज्या मतांच्या बळावर हुजूर पक्षाने त्याला नेतृत्व दिले, नेमक्या त्याच मतांच्या विरुद्ध त्याने १८२९ मध्ये आणि पुन्हा १८४६ मध्ये कायदे केले, असा तो आरोप आहे. पोलीस दल हे गृहमंत्र्याचे कार्य, धान्य कायदे ही अर्थकारणातील सुधारणा आणि पक्षद्रोह हा चारित्र्याचा प्रश्न, अशा तीन निरनिराळ्या प्रकरणांत या गोष्टी वाचल्या जातात. त्यामुळे त्यांना जोडणारा धागा नजरेआड होतो. तो धागा आयर्लंडचा आहे. पीलच्या कारकिर्दीतील प्रत्येक मोठ्या वळणाच्या मुळाशी आयर्लंडचे प्रशासन होते, आणि त्याच्या वारशाचे मूल्यमापनही लंडनहून करण्याऐवजी आयर्लंडहून केल्यास वेगळे निघते, या भूमिकेची तपासणी प्रस्तुत लेखात केली आहे.

इतिहासकारांनी घडवलेला पील

पीलच्या मृत्यूनंतर अवघ्या सहा वर्षांनी, १८५६ मध्ये, वॉल्टर बॅजेटने त्याच्यावर निबंध लिहिला. मते चारचौघांसारखी, पण ती अमलात आणण्याची क्षमता असामान्य, असे त्याचे चित्र बॅजेटने रंगवले. हे चित्र दीर्घकाळ टिकले. विसाव्या शतकात नॉर्मन गॅश यांच्या दोन खंडांतील चरित्राने (१९६१ व १९७२) त्याला भक्कम दस्तऐवजी आधार दिला आणि पील हा तत्त्वापेक्षा वस्तुस्थितीला मान देणारा, पक्षापेक्षा राज्याचे हित मोठे मानणारा व्यवहारी प्रशासक म्हणून प्रतिष्ठित झाला. १९७९ मध्ये बॉइड हिल्टन यांनी या प्रतिमेला जोरदार हादरा दिला. त्यांच्या मते पील लवचीक नव्हताच. एकदा स्वीकारलेल्या आर्थिक सिद्धांताला तो हट्टाने चिकटून राहत असे. मुक्त व्यापाराचा सिद्धांत त्याने फार पूर्वीच मनोमन स्वीकारला होता, त्यामुळे १८४५ चा आयरिश दुष्काळ हे धान्य कायदे रद्द करण्याचे कारण नसून केवळ निमित्त होते.

या वादात गॅश यांची बाजू घ्यावी की हिल्टन यांची, असा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे नेहमी ठेवला जातो. पण दोन्ही बाजूंत एक गोष्ट समान आहे. दोघांचाही मुख्य प्रश्न पीलच्या मनोवृत्तीचा आहे. तो व्यवहारी होता की सिद्धांतवादी, हे ठरले की कारकिर्दीचा अर्थ लागला असे दोघेही गृहीत धरतात. ज्यांच्यावर ते प्रशासन राबवले गेले त्यांच्या बाजूने प्रश्न विचारला जात नाही. आयर्लंडविषयी विशेष अभ्यास झाले नाहीत असे नव्हे. गेलन ब्रोकर, डॉनल कर, रॉबर्ट शिप्की, स्टॅन्ली पामर आणि पुढे पीटर ग्रे यांनी हे क्षेत्र चांगले नांगरून ठेवले आहे. परंतु पीलच्या एकूण मूल्यमापनात त्यांचे निष्कर्ष पुरेसे उतरलेले दिसत नाहीत. डग्लस हर्ड यांचे २००७ चे वाचनीय चरित्रही मुख्यतः वेस्टमिन्स्टरच्या दालनांतूनच फिरते. लेखक स्वतः एकेकाळी ब्रिटनचा गृहमंत्री आणि त्याआधी उत्तर आयर्लंडचा मंत्री होता, हे लक्षात घेता ही मर्यादा अधिकच जाणवते.

डब्लिनमधील सहा वर्षे

सुती कापडाच्या धंद्यात गबर झालेल्या लँकशरमधील कारखानदाराचा हा मुलगा हॅरो आणि ऑक्सफर्ड येथे शिकला. १८०९ मध्ये वडिलांच्या पैशावर त्याला कॉमन्स सभेत जागा मिळाली, तीही आयर्लंडमधील टिपरेरी परगण्यातल्या कॅशेल या मूठभर मतदारांच्या मतदारसंघातून. १८१२ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो आयर्लंडचा मुख्य सचिव झाला आणि १८१८ पर्यंत त्या पदावर राहिला. ऐन उमेदीतील ही सहा वर्षे त्याच्या प्रशासकीय घडणीची वर्षे होत.

बहुसंख्य प्रजा कॅथॉलिक, जमीनदार वर्ग प्रामुख्याने प्रॉटेस्टंट, खंड थकलेली कुळे, रात्री जमीनदारांच्या मालमत्तेवर हल्ले करणाऱ्या गुप्त टोळ्या आणि साक्ष द्यायला कोणी पुढे येत नाही अशी न्यायालये, असा तो प्रदेश होता. जुने स्थानिक शिपाई निरुपयोगी होते, आणि प्रत्येक वेळी लष्कर पाठवणे महाग व अप्रतिष्ठेचे होते. पीलने १८१४ मध्ये शांतता रक्षण कायदा करून घेतला. एखादा भाग अशांत असल्याचे लॉर्ड लेफ्टनंटने जाहीर करावे, तेथे एक पगारी दंडाधिकारी व त्याच्या हाताखाली सशस्त्र शिपायांची तुकडी पाठवावी आणि तिचा खर्च त्याच भागातील रहिवाशांकडून वसूल करावा, अशी त्याची योजना होती. शिपायांत निवृत्त सैनिकांचा भरणा मोठा होता. पहिली तुकडी त्याच वर्षी टिपरेरी परगण्यातच गेली. म्हणजे ज्या परगण्याने, निदान कागदोपत्री, पीलला संसदेत पाठवले होते, त्याच परगण्यात त्याचे पोलीस प्रथम उतरले.

खर्चाची तरतूद हा या कायद्याचा गाभा होता. केवळ तिजोरी वाचवणे हा तिचा हेतू नव्हता. उपद्रव माजवणारे ज्यांच्या आश्रयाने राहतात त्यांच्या खिशाला चाट बसली की आश्रय तुटेल, असा हिशेब त्यामागे होता. म्हणजे पोलीस हीच शिक्षा होती, आणि ती व्यक्तीऐवजी वस्तीला दिली जात होती. गरीब भागांना हा बोजा पेलेना, म्हणून १८१७ मध्ये खर्चाचा काही वाटा सरकारने उचलण्याची सोय करावी लागली. १८२२ चा आयरिश कॉन्स्टॅब्युलरी कायदा झाला तेव्हा पील गृहमंत्री होता. १८३६ मध्ये व्हिग मंत्रिमंडळाच्या काळात या सर्व तुकड्यांचे एकीकरण होऊन बराकींत राहणारे, सशस्त्र व थेट डब्लिनच्या हुकमतीतले एक दल तयार झाले.

लंडनचा शिपाई आणि नऊ तत्त्वे

लंडनचे पोलीस दल २९ सप्टेंबर १८२९ रोजी रस्त्यावर आले. लष्कराच्या लाल गणवेशाशी साम्य नको म्हणून निळा कोट, डोक्यावर उंच टोपी, हातात फक्त दंडुका. चार्ल्स रोवन हा माजी लष्करी अधिकारी आणि रिचर्ड मेन हा बॅरिस्टर असे दोन आयुक्त नेमले गेले, आणि दोघेही जन्माने आयरिश होते. स्टॅन्ली पामर यांनी १९८८ मधील आपल्या ग्रंथात इंग्लंड व आयर्लंड यांच्या पोलीस व्यवस्था शेजारी ठेवून दाखवले की, आधुनिक पोलिसांचा प्रयोग आधी आयर्लंडमध्ये झाला आणि मग लंडनमध्ये. मात्र लंडनसाठी त्याचे दात काढून घेण्यात आले. इंग्रज करदात्याला बराकीतला बंदूकधारी पोलीस चालला नसता, हे पील पक्के जाणून होता.

येथे एका प्रचलित समजाची दखल घेणे आवश्यक आहे. पोलीसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ‘पीलची नऊ तत्त्वे’ छापली जातात : पोलिसांचे बळ जनतेच्या संमतीत आहे, पोलीस म्हणजेच जनता आणि जनता म्हणजेच पोलीस, इत्यादी. पीलच्या भाषणांत, पत्रांत वा कायद्याच्या मसुद्यात ही यादी सापडत नाही. तिला आजचे रूप विसाव्या शतकात चार्ल्स रीथ यांच्या लेखनातून मिळाले. लेन्ट्झ व चेअर्स या अभ्यासकांनी २००७ मध्ये पाठ्यपुस्तकांचा मागोवा घेऊन ते सविस्तर सिद्ध केले आहे. १८२९ च्या सुमारास आयुक्तांनी शिपायांना दिलेल्या सूचनांत सौजन्यावर भर होता, हे खरे. तरीही तयार नऊ कलमांचे पितृत्व पीलला देणे हे इतिहासाला धरून नाही. या यादीमुळे आणखी एक नुकसान झाले. संमतीवर चालणारा पोलीस हाच पीलचा एकमेव पोलीस ठरला आणि टिपरेरीतील पोलीस विस्मरणात गेला.

१८२९ : मुक्ती आणि तिची किंमत

कॅथॉलिकांना संसदेत बसू देण्यास पीलचा विरोध प्रसिद्ध होता. त्या विरोधामुळेच १८१७ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाची मानाची जागा त्याच्याकडे आली. १८२८ मध्ये क्लेअर परगण्याच्या पोटनिवडणुकीत डॅनियल ओकॉनेल निवडून आला. कॅथॉलिक असल्याने त्याला शपथ घेता येईना, आणि तो बाहेर राहिल्यास आयर्लंड पेटेल अशी स्थिती निर्माण झाली. पंतप्रधान वेलिंग्टन आणि गृहमंत्री पील या दोघांनी १८२९ मध्ये मुक्तीचा कायदा संमत करून घेतला. पीलने ऑक्सफर्डची जागा सोडून पुन्हा कौल मागितला आणि तो हरला.

या घटनेला मतपरिवर्तन म्हणणे अचूक नाही. कॅथॉलिक पंथाविषयीचे त्याचे मत फारसे बदलल्याचे दिसत नाही. आयर्लंडवर जुन्या पद्धतीने राज्य करता येईल की नाही, याविषयीचे मत मात्र बदलले होते. आणि म्हणूनच त्याच वेळी दुसरा कायदा झाला. आयरिश परगण्यांतील मताधिकाराची अट वार्षिक चाळीस शिलिंगांच्या मिळकतीवरून दहा पौंडांवर नेण्यात आली. दोन लाखांहून अधिक असलेली परगणा-मतदारांची संख्या चाळीस हजारांच्या आत आली. ज्या कुळांनी ओकॉनेलला निवडून दिले त्यांचाच मताधिकार गेला. कॅथॉलिक वकील व जमीनदार संसदेत जाऊ शकले, पण त्यांना पाठवणारी कुळे मतदानातून बाहेर फेकली गेली. कित्येक क्रमिक पुस्तकांत पहिला कायदा ठळक अक्षरांत असतो आणि दुसरा नसतोच.

धान्य कायदे आणि बटाट्यावरील करपा

दुसऱ्या मंत्रिमंडळाची कामगिरी मोठी आहे. १८४२ च्या अर्थसंकल्पात दीडशे पौंडांवरील उत्पन्नाला पौंडामागे सात पेन्स प्राप्तिकर लावून शेकडो वस्तूंवरील जकात कमी करण्यात आली. १८४४ चा बँक कायदा झाला. खाणी व कारखान्यांतील मजुरांविषयीचे कायदेही याच काळातले. आयर्लंडला हा प्राप्तिकर लागू नव्हता. तो पुढे १८५३ मध्ये ग्लॅडस्टनने लावला. ओकॉनेलच्या फुटीर चळवळीवर पीलने दोन्ही हातांनी काम केले. १८४३ मध्ये क्लॉनटार्फची प्रचंड सभा बंदीहुकूम काढून रोखली, ओकॉनेलवर खटला भरला, आणि दुसरीकडे १८४५ मध्ये मेनूथ येथील कॅथॉलिक धर्मशिक्षण संस्थेचे वार्षिक अनुदान सुमारे नऊ हजार पौंडांवरून सव्वीस हजारांवर नेले. या अनुदानावरून पक्षात उठलेले वादळ १८४६ ची रंगीत तालीमच होती.

१८४५ च्या शरद ऋतूत आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडला. लाखो गरीब कुटुंबे जवळजवळ पूर्णतः बटाट्यावर जगत होती. पीलने मंत्रिमंडळापुढे धान्य कायदे स्थगित करण्याचा विषय मांडला, डिसेंबरमध्ये राजीनामा दिला, रसेलला सरकार बनवता न आल्याने तो परत आला आणि १५ मे १८४६ रोजी कॉमन्स सभेत ३२७ विरुद्ध २२९ मतांनी विधेयक संमत झाले. त्याच्या स्वतःच्या पक्षातील १०६ सभासद बाजूने आणि २२२ विरुद्ध होते. व्हिगांच्या मदतीनेच कायदा झाला. २५ जून रोजी लॉर्ड्स सभेने त्यावर शिक्कामोर्तब केले आणि त्याच रात्री कॉमन्स सभेत आयर्लंडसाठीच्या दडपशाहीच्या विधेयकावर ७३ मतांनी हरून पीलचे मंत्रिमंडळ गेले. डिझरायली व बेंटिंक यांच्या गटाने सूड उगवण्यासाठी विधेयकही आयर्लंडचेच निवडले.

आता प्रश्न असा की, हा कायदा दुष्काळग्रस्तांसाठी होता काय? नव्या कायद्यानुसार धान्यावरील जकात टप्प्याटप्प्याने उतरून फेब्रुवारी १८४९ मध्ये एका शिलिंगावर यायची होती. करपा पडलेल्या वर्षी उपाशी असलेल्या माणसाला १८४९ मधील जकातीचा उपयोग नव्हता. त्याहून मूलभूत मुद्दा असा की, आयरिश भूमिहीन मजूर धान्य विकत घेतच नव्हता. जमीनदाराच्या वा मोठ्या शेतकऱ्याच्या शेतावर राबून त्या मोबदल्यात तो बटाट्याचा तुकडा कसत असे. त्याच्या हाती रोकड नव्हती. धान्य स्वस्त झाल्याने मँचेस्टरच्या गिरणी-कामगाराचा फायदा होणार होता, कॉनॉटमधील मजुराचा नव्हे. या मर्यादेपुरते हिल्टन यांचे म्हणणे मान्य करावे लागते.

परंतु पीलने दुष्काळासाठी काहीच केले नाही असा निष्कर्ष त्यातून काढला तर ती मोठी चूक ठरेल. १८४५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने बेअरिंग ब्रदर्स या पेढीमार्फत एक लाख पौंडांचा मका अमेरिकेतून गुपचूप खरेदी करवला. उघड खरेदी केली असती तर व्यापाऱ्यांनी भाव चढवले असते. पुढील वसंतात हा मका सरकारी कोठारांतून खुल्या बाजारात सोडून भाव आटोक्यात ठेवण्यात आले, रस्त्यांची दुष्काळी कामे काढण्यात आली आणि स्थानिक समित्यांना निधी देण्यात आला. मका आयर्लंडला अपरिचित होता. तो दळण्याची सोय नव्हती आणि अर्धवट शिजवून खाल्ल्याने पोट बिघडे. पिवळ्या रंगावरून लोकांनी त्याला ‘पीलचे गंधक’ म्हटले. तरीही त्या पहिल्या हंगामात उपासमारीने झालेले मृत्यू तुलनेने फारच थोडे होते, याविषयी बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे. मुक्त व्यापाराचा सिद्धांत हट्टाने पाळणाऱ्या माणसाने सरकारी खजिन्यातून धान्याचा व्यापार केला असता काय? १८४६ च्या कायद्यातील पील हिल्टन यांच्या चित्रात बसतो, मक्याच्या कोठारांतील पील बसत नाही. डब्लिनमध्ये असताना, १८१७ च्या टंचाईत, त्याने मदतकार्य स्वतः हाताळले होते आणि तो अनुभव येथे उपयोगी पडला. इतिहासग्रंथांत कायदा रद्द करण्याला प्रकरण मिळते आणि मक्याला परिच्छेद. जीव कशाने वाचले हा निकष लावला तर हे प्रमाण उलटे हवे.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. १८४६ च्या उन्हाळ्यात पील गेला आणि त्यानंतरच्या हंगामात बटाट्याचे पीक जवळजवळ संपूर्ण बुडाले. रसेल मंत्रिमंडळाने धान्यबाजारातील हस्तक्षेप आवरता घेतला. कोषागारातील चार्ल्स ट्रेव्हेलियन हा अधिकारी पीलच्या आणि रसेलच्या अशा दोन्ही राजवटींत मदतकार्याची सूत्रे हलवत होता (हाच ट्रेव्हेलियन पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला). पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भूक व रोगराईने मेली आणि तितक्याच माणसांनी देश सोडला. पील सत्तेवर असता तर हे टळले असते, असे अनेक आयरिश लेखकही सुचवतात. पण एक लाख पौंडांच्या मक्याचा उपाय अंशतः बुडालेल्या पिकासाठी होता. संपूर्ण बुडालेल्या पिकासाठी तो पुरला असता असे मानायला आधार नाही. शिवाय १८४६ नंतर विरोधी बाकांवर बसून पील रसेलच्या मंत्रिमंडळाला तारतच राहिला. १८४९ मध्ये त्याने पश्चिम आयर्लंडसाठी जी योजना मांडली तीत कर्जबाजारी जमीनदारी विकून भांडवलवान खरेदीदार आणण्यावर भर होता. त्याच वर्षी झालेल्या कर्जग्रस्त मालमत्ता कायद्याच्या मार्गाने जमिनीचे मालक बदलले. कुळांच्या वाट्याला त्यातून हक्क आले नाहीत. चाळीस शिलिंगांचा मताधिकार काढून घेणारा पील आणि १८४९ चा पील यांच्यात येथे सातत्य दिसते. कूळ हे त्याच्या दृष्टीने सांभाळण्याचे, शिस्त लावण्याचे आणि प्रसंगी जगवण्याचे माणूस होते. विचार घेण्याचे नव्हे.

मुंबई इलाख्यापर्यंत आलेला वारसा

पीलचा राजकीय वारसा म्हणून त्याचे अनुयायी, त्यांतून निघालेला ग्लॅडस्टन आणि १८५९ मध्ये आकाराला आलेला उदारमतवादी पक्ष यांचा उल्लेख होतो. फुटलेल्या हुजूर पक्षाला कॉमन्स सभेत पुन्हा स्पष्ट बहुमत मिळायला १८७४ साल उजाडावे लागले. ब्रिटनपुरते हे ठीक आहे. वसाहतींत पोचलेला वारसा मात्र निराळा आहे.

१८४३ मध्ये, पीलच्याच पंतप्रधानपदाच्या काळात, चार्ल्स नेपियरने सिंध जिंकला आणि तेथे आयरिश कॉन्स्टॅब्युलरीच्या धर्तीवर पोलीस दल उभारले. १८४७ मध्ये सिंध मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि १८५३ मध्ये इलाख्यातील जिल्ह्यांत पोलीस अधीक्षकांची व्यवस्था आणताना सिंधचा नमुना समोर होता. १८६१ चा पोलीस कायदा त्यानंतरचा. मुंबई शहरात मात्र लंडनसारखे आयुक्तालय आले. फ्रँक सूटर हा १८६४ मध्ये पहिला आयुक्त झाला. बंदरातील शहराला लंडनचा सांगाडा आणि मुफसलाला आयर्लंडचा, अशी ही वाटणी झाली. भारतीय पोलीस म्हणजे ‘आयरिश नमुना’ असे सरसकट म्हणण्यास रिचर्ड हॉकिन्स यांनी १९९१ मध्ये आक्षेप घेतला आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. जिल्ह्यातील पोलीस दंडाधिकाऱ्याच्या देखरेखीखाली राहिला, सगळा पोलीस बराकीत नव्हता आणि गावचा पाटील व जागल्या यांची जुनी व्यवस्थाही सोबत चालू राहिली. वस्तीला सामूहिक भुर्दंड देण्याची कल्पनाही पीलच्या आधीची आहे. दंग्यातील नुकसानीची भरपाई परिसरावर टाकण्याची चाल इंग्लंडच्या जुन्या कायद्यांत होतीच. तथापि अशांत भाग जाहीर करणे, तेथे जादा पोलीस ठेवणे आणि त्यांचा खर्च रहिवाशांकडून घेणे ही तिन्ही अंगे एकत्र असलेली १८१४ ची रचना १८६१ च्या कायद्याच्या पंधराव्या कलमात जवळजवळ तशीच दिसते.

२२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेल्यानंतर पुण्यात असेच जादा पोलीस बसवण्यात आले आणि त्यांचा खर्च शहरातील रहिवाशांवर लादण्यात आला. मारेकरी सापडले नव्हते. भुर्दंड आधी लागू झाला. अशांत क्षेत्रात जादा पोलीस नेमून त्यांचा खर्च तेथील रहिवाशांवर बसवण्याची तरतूद स्वातंत्र्यानंतरच्या मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ या कायद्यातही ठेवण्यात आली. आज तो कायदा महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने ओळखला जातो.